फोन आपला, किल्ली कोणाची?

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली, की पुण्याला, हुबळीला, बंगळुरूला शिकायला गेलेली पोरं घरी येतात. फराळाचा डबा उघडण्याआधी त्यांचं लक्ष जातं ते घरातल्या थोरांच्या मोबाईलकडे. फोन अडखळतोय, जागा संपलीय, नको त्या जाहिराती मध्येच उड्या मारताहेत... मग एखादे चिरंजीव बाह्या सरसावून म्हणतात, "अप्पा, द्या इकडं. रूट करून देतो."

"काय करून देतोस?"

"रूट हो. रूट म्हणजे मूळ. अज्जीच्या कानडीत बेरु!"

"बघ रे बाबा, माझ्या मुळावर यायचा नाहीस ना?"

घराघरांतून होणारा हा संवाद थट्टेचा वाटेल, पण अप्पांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. आज त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये पेन्शनचं खातं असतं, गॅसचं बुकिंग असतं, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, घरातल्या बाईच्या गृहलक्ष्मीचे दोन हजार जमा झाल्याचा मेसेजही पुष्कळदा त्याच नंबरावर येतो. नातवाच्या बारशाचे फोटो तर दुसरीकडे कुठेच नसतात. अशा फोनचं मूळ उकरायचं की नाही, हा निर्णय खरं म्हणजे फोन वापरणाऱ्याचा. पण तो घ्यायला लागणारी माहिती त्याला कुणी देत नाही. मुलगा सांगतो ते फायदे, आणि दुरुस्तीच्या दुकानातला सांगतो तो दर!

म्हणून हा लेखनप्रपंच.

वाड्यातली बिऱ्हाडं

‘रूट’ हा शब्द मोबाईलपेक्षा खूप जुना आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत १९६९ साली ‘युनिक्स’ या संगणक-व्यवस्थेचं काम सुरू झालं. एकाच संगणकावर अनेक माणसं काम करणार, तेव्हा कुणी कुणाच्या कागदांना हात लावायचा नाही, अशी तिची शिस्त होती. त्या सगळ्यांच्या वर एक वापरकर्ता असायचा. त्याला कुठलंच दार बंद नाही. त्याचं नाव रूट. पुढं १९९१ मध्ये लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं त्याच वळणावर ‘लिनक्स’ लिहायला घेतलं आणि आपला अँड्रॉइड फोन त्या लिनक्सच्या गाभ्यावर उभा आहे.

आपल्या गल्लीतला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक अ‍ॅप म्हणजे एक बिऱ्हाड. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळं. अँड्रॉइडमध्ये खरोखरच प्रत्येक अ‍ॅपला आतून वेगळा क्रमांक दिलेला असतो आणि एका क्रमांकाला दुसऱ्याच्या खोलीत शिरता येत नाही. खेळाचं अ‍ॅप बँकेच्या अ‍ॅपच्या ट्रंकेत हात घालू शकत नाही ते यामुळेच. शून्य क्रमांक मात्र रूटचा. त्याच्या कमरेला सगळ्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा! आणि गंमत अशी, की वीस हजार रुपये मोजून फोन घेतलेला माणूस या वाड्याचा मालक नसतोच. तोही एक भाडेकरूच. जुडगा ठेवलाय फोन बनवणाऱ्या कंपनीनं. रूट करणं म्हणजे तो जुडगा स्वतःकडे घेणं. मराठीत किल्ली म्हणा, कानडीत कीलिकै म्हणा, भांडण तिच्यावरूनच आहे.

पहिल्याच अँड्रॉइड फोनच्या बाबतीत हा जुडगा चक्क दारातच पडलेला सापडला होता. ‘जी-वन’ नावाचा तो फोन ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. महिनाभरातच लोकांच्या ध्यानात आलं, की त्याच्या कळफलकावर जे काही लिहावं ते आतल्या एका अदृश्य खिडकीतही जातंय, आणि ती खिडकी थेट रूटची आहे. कुणी मित्राला लिहिताना ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला, की फोन आज्ञाधारकपणे बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा! गूगलनं ती चूक लगबगीनं सुधारली. पण हौशी मंडळींना चव लागली ती लागलीच.

दोन लिप्यांच्या घरातली अडचण

आपल्या भागात पोरांनी फोन रूट केले ते मात्र निव्वळ हौसेपोटी नव्हे. इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण आज विशीत असलेल्यांना हे खरंही वाटणार नाही.

२०१०-११ च्या सुमाराचे अँड्रॉइड फोन आठवा. आवृत्ती २.२ नाहीतर २.३. त्यातल्या बहुतेकांना ना देवनागरी वाचता यायची, ना कन्नड. मिरजेच्या मावशीनं मराठीत मेसेज पाठवला, की इकडे ओळीनं रिकामे चौकोन. धारवाडच्या मामांनी कानडीत पाठवला, तरी तेच चौकोन! दोन्ही भाषा येणाऱ्या घराला एकही भाषा न येणारा फोन. त्यावर एक उपाय होता ‘ऑपेरा मिनी’ या ब्राउझरचा. त्याच्या पत्त्याच्या जागी एक खास शब्द टाकला, की एक सेटिंग उघडायचं. ते चालू केलं, की कंपनीचा सर्व्हर अवघड लिप्यांच्या अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. त्या चित्रांतून कित्येकांनी मराठी आणि कानडी वर्तमानपत्रं वाचली. पण ते ब्राउझरपुरतंच. मेसेज, नावांची यादी, गाण्यांची नावं, तिथं चौकोन ते चौकोनच.

मग उरायचं रूट. जुडगा हाती आला, की फोनच्या अक्षरांच्या कपाटात आपल्या लिपीचा फाँट नेऊन ठेवता यायचा. तोही अर्धामुर्धाच उपाय. अक्षरं दिसायची, पण जोडायची कशी हे जुन्या व्यवस्थेला कळत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे जायची ती उजवीकडे लटकायची, जोडाक्षरांचे पाय मोडके दिसायचे, आणि कानडीतली खाली येणारी जोडअक्षरं खाली न येता पुढंच रांगेत उभी राहायची. तरीही चौकोनांपेक्षा लंगडी अक्षरं बरी, असं म्हणून लोकांनी ती गोड मानून घेतली.

दुसरी अडचण जागेची. २०११ साली आलेला सॅमसंगचा ‘गॅलेक्सी वाय’ पुष्कळांच्या घरातला पहिला स्मार्टफोन होता. त्यात अ‍ॅप ठेवायला जागा किती? १८० एमबी! आज व्हॉट्सअ‍ॅपवरचे लग्नाचे दोन-चार व्हिडिओ तेवढे भरतात. मेमरी कार्ड मोठं घातलं तरी अ‍ॅप तिकडे पूर्ण हलत नसत. ते हलवायला पुन्हा रूट. तिसरी अडचण अशी, की कंपन्या फोन विकायच्या आणि नवीन आवृत्ती द्यायला विसरायच्या. त्यावर २००९ मध्ये स्टीव्ह कॉन्डिक या अमेरिकी तरुणानं सुरू केलेलं ‘सायनोजेनमॉड’ धावून आलं. कंपनीची व्यवस्था काढून टाकून ही फुकटची, हलकी आणि ताजी व्यवस्था भरायची. तिचं इतकं नाव झालं, की डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ या नावाखाली ८,९९९ रुपयांचा ‘युरेका’ आला तो तिचंच रूप आत घेऊन. ती कंपनी डिसेंबर २०१६ मध्ये आटोपली, पण काम थांबलं नाही. ‘लिनिएजओएस’ या नावानं स्वयंसेवकांनी ते पुढं नेलं, आणि ते आजही चालू आहे.

तेव्हा त्या काळात फोन रूट करणारा मुलगा उनाड नव्हता, अडलेला होता. एवढं त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे.

पण यातलं आज काय उरलंय? २०१२ च्या ४.१ आवृत्तीपासून हिंदीसोबत कन्नड, तेलुगू, मल्याळमही फोनमध्ये वाचता येऊ लागलं. आज एकाच कळफलकावर एक कळ दाबून मराठीतून कानडीत जाता येतं. साध्यातल्या साध्या फोनमध्ये ६४ जीबी जागा असते. म्हणजे ज्या दोन-तीन कारणांसाठी आपल्या घरांनी हा धोका पत्करला, ती कारणं गेली. सवय मात्र राहिली.

देवडीवरचा पहारेकरी

आजच्या फोनमध्ये रूट कसं होतं ते थोडक्यात पाहू. फोन चालू होताना सर्वांत आधी जागा होतो तो ‘बूटलोडर’. वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरीच म्हणा ना. आत येणारी व्यवस्था कंपनीच्या शिक्क्याची आहे ना, हे तो तपासतो. रूट करायचं तर आधी त्याला बाजूला सारावं लागतं. आणि तो बाजूला झाला रे झाला, की फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, मेसेज, सगळं! ही खोडी नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. तसं नसतं तर चोरानंही पहारेकरी हटवून आपले कागद वाचले असते. त्यानंतर व्यवस्थेच्या सुरुवातीच्या तुकड्यात बदल करून तो परत भरायचा. त्यासाठी जॉन वू या तैवानी तरुणानं २०१६ मध्ये आणलेलं ‘मॅजिस्क’ सर्वांत जास्त वापरलं जातं.

पहारेकरी हटवायला कंपनीची परवानगी लागते आणि इथं प्रत्येकीची तऱ्हा निराळी. गूगलचे पिक्सेल फोन कंपनीकडूनच घेतलेले असतील तर सेटिंगमध्येच सोय देतात. शाओमी वर्षानुवर्षं खातं उघडायला लावून आठवडाभर ताटकळत ठेवायची, आणि अलीकडे तिनं नियम आणखी आवळले. व्हिव्होसारख्या कंपन्या बहुतेक मॉडेलना परवानगीच देत नाहीत. सॅमसंगचं प्रकरण तर सगळ्यांत कडक. २०१३ पासून तिच्या वरच्या श्रेणीच्या फोनमध्ये ‘नॉक्स’ नावाची एक विजेची बारीक तार असते. अनोळखी व्यवस्था एकदा आत शिरली, की ती जळते. जळलेला फ्यूज जसा परत जोडता येत नाही तशीच ती. नंतर मूळ व्यवस्था भरली, पूजा घातली, काहीही केलं, तरी त्या फोनवर ‘सिक्युअर फोल्डर’ आणि सॅमसंगची पैसे देण्याची सोय कायमची बंद.

मधेच केबल निघाली, वीज गेली किंवा दुसऱ्याच मॉडेलची फाईल भरली, तर फोन चालूच होत नाही. पोरं त्याला ‘ब्रिक झाला’ म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट. जाणत्या हाताला बहुतेक वेळा ती वीट परत जिवंत करता येते. पण जाणता हात नेमका त्या दिवशी गावात असला पाहिजे!

मुलगा परत गेल्यावर काय?

खरा प्रश्न फोन बिघडण्याचा नाहीच. सगळं नीट पार पडलं, फोन पळायला लागला, जाहिराती गेल्या, अप्पा खूश. मग पुढं काय, हा आहे.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि भाजीवाल्यापासून देवळाच्या पेटीपर्यंत चौकोनी कोड लागले. पैशांच्या या अ‍ॅपना एक काळजी असते. आपण ज्या वाड्यात राहतोय तिथला जुडगा भलत्याच्या हातात तर नाही ना? म्हणून ती उघडताना फोनची चौकशी करतात. गूगलची ‘सेफ्टीनेट’ ही जुनी तपासणी २०२५ मध्ये निवृत्त झाली. तिच्या जागी आलेली ‘प्ले इंटेग्रिटी’ अधिक खोल जाते. फोनच्या आतल्या सुरक्षित चिपमधल्या शिक्क्यापर्यंत ती पोचते, त्यामुळे वरवर रंगसफेदी करून तिला फसवणं कठीण झालंय. रूट लपवणारी साधनं आहेत, नाही असं नाही. पण ती लपाछपी आहे. आज लपलेलं उद्या सापडतं, परवा नवी जागा शोधावी लागते. विशीतल्या मुलाला या खेळात गंमत वाटते. त्याच्यासाठी तो संध्याकाळचा विरंगुळा असतो.

अप्पांसाठी तो विरंगुळा नसतो. चिरंजीव बंगळुरूला परत गेले. दहा-पंधरा दिवसांनी बँकेचं अ‍ॅप आपोआप अपडेट झालं, आणि एका सकाळी औषधाच्या दुकानात रांगेत उभं असताना पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, की हा फोन सुरक्षित नाही, अ‍ॅप बंद करत आहोत. मागं चार माणसं खोळंबलेली. खिशात रोकड नाही, कारण हल्ली कोण ठेवतो? मुलाला फोन लावावा तर तो वर्गात. संध्याकाळी तो व्हिडिओ कॉलवर सांगणार, "अप्पा, ते मॉड्यूल उडवा आणि दुसरं भरा." सांगणाऱ्याला ते सोपं, ऐकणाऱ्याला कानडीही नाही आणि मराठीही नाही!

दर महिन्याच्या सुरक्षा-अपडेटचीही हीच कथा. रूट केलेल्या फोनवर ते सरळ बसत नाही. बसवलं तर रूट जातं, मग पुन्हा सगळा खटाटोप. म्हणून बहुतेक लोक अपडेट करणंच सोडून देतात. म्हणजे जुडगा हातात आला खरा, पण वाड्याच्या भिंती पडायला लागल्या तरी डागडुजी बंद. करमणुकीचंही नुकसान होतं. नेटफ्लिक्सनं २०१७ पासूनच अशा फोनांना प्ले स्टोअरवरून आपलं अ‍ॅप देणं थांबवलं. इतर अ‍ॅप चालली तरी पहारेकरी हटवलेल्या पुष्कळ फोनवर चित्र धूसर दिसतं, कारण उंची दर्जाचं चित्र उघडणारी किल्ली असा फोन गमावून बसतो.

आणि एक बारीक गोष्ट. रूट झाल्यावर एखाद्या अ‍ॅपला जुडगा हवा असला, की पडद्यावर चौकट येते, ‘परवानगी द्यायची का?’ आपली थोरली माणसं चौकट दिसली की ती घालवण्यासाठी ‘हो’ दाबतात. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल उघडून लोक कसे गंडले, हे आपण अलीकडे वाचलंच आहे. साध्या फोनवर त्या भामट्याला एकेका खोलीची परवानगी मागावी लागते. रूट केलेल्या फोनवर एक ‘हो’ मिळालं, की सगळा वाडा त्याचा.

एका बटणाचं रूट

बाजारात याहून सोपा मार्गही सांगितला जातो. संगणक नको, केबल नको, एक अ‍ॅप घ्या, बटण दाबा, झालं रूट! हे होतं कसं, हे समजून घेतलं तर मोह आपोआप ओसरेल. ते अ‍ॅप पहारेकऱ्याची परवानगी घेतच नाही. भिंतीला पडलेलं भोक शोधून आत शिरतं. जून २०१४ मध्ये जॉर्ज हॉट्झ या नामांकित अमेरिकी तरुणानं ‘टॉवेलरूट’ आणलं तेव्हा असंच लिनक्सच्या गाभ्यातलं एक ताजं भोक वापरलं होतं. हजारोंनी टाळ्या वाजवल्या. पण भोकाला माणसं ओळखता येत नाहीत. मालक शिरतो त्यातूनच चोरही शिरतो. २०१६ मध्ये ‘गॉडलेस’ नावाचं दुष्ट सॉफ्टवेअर उघडकीला आलं, ते फोनला मालकाच्या नकळत रूट करून नको ती अ‍ॅप भरत असे. ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीनं तेव्हा सांगितलं, की जगभरातले साडेआठ लाखांवर फोन त्याच्या तावडीत सापडले आणि त्यातले जवळपास निम्मे भारतातले! एका बटणाची अशी बहुतेक अ‍ॅप आता जुनी झाली, नव्या फोनवर चालतही नाहीत. जे ‘चालतं’ म्हणून कुणी देतो, त्याच्याकडे तर संशयानंच पाहावं.

तक्रार मात्र खोटी नाही

एवढं वाचून कुणी म्हणेल, की लेखक कंपन्यांचा वकील दिसतोय. तसं नाही. पोरांची मूळ तक्रार मला पूर्ण पटते. फोन माझा, पैसे माझे, मग यातली दहा अ‍ॅप मला काढून का टाकता येऊ नयेत?

हा प्रश्न आपल्याकडे वरपर्यंत गेलेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या बाजारातल्या दादागिरीबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आधीपासून भरलेली गूगलची अ‍ॅप काढण्याची मुभा वापरणाऱ्याला द्या, असंही त्या आदेशात होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण अ‍ॅप काढण्याबद्दलचा तो भाग रद्द केला. म्हणजे दंड सरकारजमा आणि अ‍ॅप आपल्या फोनमध्ये जिथल्या तिथं! पुढं नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्राच्या दूरसंचार खात्यानं नव्या फोनांत ‘संचार साथी’ हे अ‍ॅप आधीच भरून द्या, असं कंपन्यांना फर्मावलं. देशभर आरडाओरडा झाला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती सक्ती मागं घ्यावी लागली. आपल्या खिशातल्या वाड्यात कुणाला बिऱ्हाड द्यायचं हे आपण ठरवणार, असं लोकांना वाटतं हे यातून दिसलंच.

तेव्हा तक्रार खरी. पण तिच्यावरचा औषधोपचार अप्पांच्या फोनवर करायचा का, एवढाच वाद.

कारण जुडग्याला हात न लावताही पुष्कळ करता येतं. नको असलेलं अ‍ॅप काढता येत नसलं तरी सेटिंगमध्ये बहुतेक वेळा ‘बंद’ करता येतं. मग ते दिसत नाही, चालतही नाही. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक अ‍ॅपला कॅमेरा, माईक, नावांची यादी द्यायची की नाही हे आपल्या हातात आलं. विजेरीच्या अ‍ॅपला नावांची यादी कशाला? काढून घ्या. २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची एक ओळ सेटिंगमध्ये असते. तिथं जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता एकदा लिहिला, की बऱ्याच जाहिराती दारातूनच परत जातात. घरी संगणक असेल तर केबल जोडून ‘एडीबी’ या गूगलच्याच साधनानं हट्टी अ‍ॅपही आपल्यापुरती उडवता येतात. पहारेकरी जागेवर राहतो, बँकेचं अ‍ॅप सहसा कुरकुरत नाही. चिरंजीवांना हात दाखवायचाच असेल, तर त्यांनी या एका संध्याकाळच्या कामात दाखवावा. बाकी फोन हळू चालण्याचं खरं कारण पुष्कळदा ‘शुभ सकाळ’ची पाच हजार चित्रं हेच असतं. ती पुसायला कुठल्याच मुळाशी जावं लागत नाही!

कॉल रेकॉर्डिंगसाठी रूट हवं, असं एक कारण हल्ली ऐकू येतं. गूगलनं मे २०२२ मध्ये बाहेरच्या अ‍ॅपची ती वाट बंद केली हे खरं. पण आपल्याकडच्या बऱ्याच फोनांत कंपनीनंच ती सोय दिलेली असते. आधी ती शोधावी.

कपाटातला जुना फोन

माझं मत सरळ आहे. ज्या फोनवर घरातला पैसा चालतो आणि ज्याला बिघडल्यावर दुरुस्त करणारा माणूस त्याच घरात बारा महिने राहत नाही, तो फोन रूट करू नये. मग मुलगा कितीही हुशार असो. वापरणारा आणि सांभाळणारा एकच माणूस असेल, त्याच्याकडे पैशांसाठी दुसरा फोन असेल, तर मात्र खुशाल करावं. त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे आणि अशी खटपट करता करताच कित्येक मुलं संगणकाच्या व्यवसायात शिरली.

प्रत्येक घरात कपाटाच्या खणात एक जुना फोन पडलेला असतोच. पडद्याला एक रेघ, अपडेट केव्हाच बंद झालेली. प्रयोगासाठी याहून चांगला सोबती नाही. त्याचं मॉडेल लिनिएजओएसच्या यादीत आहे का, ते आधी पाहावं. यादीत असेल तर त्यावर ताजी व्यवस्था बसते आणि तो फोन गाणी ऐकायला, रेसिपी बघायला, अज्जीला कानडी कीर्तन लावून द्यायला आणखी दोन-तीन वर्षं सहज जातो. इथं एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. व्यवस्था बदलणं आणि रूट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनिएजओएस बसवलं म्हणजे जुडगा हाती आला असं नाही, तो हवाच असेल तर निराळा घ्यावा लागतो. नुसत्या जुन्या फोनला जीवदान द्यायचं असेल तर त्याची गरजही नसते. यादीत मॉडेल नसेल तर कुणीतरी कुठंतरी ठेवलेली अनोळखी फाईल भरण्याच्या नादी लागू नये. सुरू करण्याआधी त्यातले फोटो उतरवून घ्यावेत, सिम आणि कार्ड काढावं, आणि मूळ व्यवस्थेची फाईल हाताशी ठेवून मगच पहारेकऱ्याला हात लावावा.

बाजारातून जुना फोन विकत घेणाऱ्यांनी तर उलटीच तपासणी करायची, आधीच्या मालकानं काही करून ठेवलंय का याची. दुकानातच फोन एकदा बंद करून चालू करा. पहारेकरी हटवलेला असेल तर बहुतेक फोन सुरुवातीलाच इशाऱ्याचा पडदा दाखवतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी माहितीच्या भागात फोन प्रमाणित आहे की नाही ते लिहिलेलं असतं. प्रमाणित नसेल तर दुकानदार कितीही "साहेब, काही होत नाही" म्हणाला, तरी पैसे देऊ नयेत. बँकेचं अ‍ॅप तिथंच उतरवून उघडून पाहिलं तर आणखी बरं.

आणि कपाटातला तो जुना फोन मुलाच्या हाती देण्याआधी टेबलावर पालथा ठेवून बघा. पाठ फुगलेली दिसली, फोन सपाट बसत नसला, तर बॅटरी गेली आहे. तो चार्जिंगला लावायचा नाही, टोचायचा नाही, कचऱ्यातही टाकायचा नाही. दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी बदलून घ्यायची, किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे तो तसाच द्यायचा.